घरी पेटी रेकॉर्ड करायची: कंडेन्सर घ्यावा की डायनॅमिक?

माइक मागवण्याआधी खोलीच्या मध्ये उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून 'झर्रर्र' असा शेपटासारखा आवाज आला, तर डायनॅमिक घ्या. टिनाचं छप्पर, सिमेंटच्या भिंती आणि फरशी एकत्र आली की हे हमखास होतं. टाळी जागीच विरली आणि गाणं वेगळं रेकॉर्ड करणार असाल, तर कंडेन्सरचा विचार करा.

दोन प्रकारच्या माइकांमधला फरक संवेदनशीलतेचा आहे. ऑडिओ-टेक्निका एटी २०२० हा साधा कंडेन्सर एका पास्कलला (आवाजाच्या दाबाचं माप) सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो. शुअर एसएम ५८ हा डायनॅमिक दोनपेक्षाही कमी. म्हणजे एकाच अंतरावर डायनॅमिक साधारण १७ डेसिबल मागे. तेवढा गेन (माइकचा आवाज वाढवायचा खटका) इंटरफेसवर, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवर, उघडावा लागतो आणि स्वस्त इंटरफेसमध्ये गेनसोबत मागचा 'सर्रर्र' आवाजही वाढतो. पेटी जोरकस वाद्य असल्यामुळे २० सेंटिमीटरवर अडचण येत नाही. अर्ध्या मीटरवर येते.

म्हणून डायनॅमिक जवळच लागतो आणि जवळ ठेवल्याचे दोन तोटे होतात. खालचे स्वर फुगतात, आणि माइकसमोरच्या पट्ट्या मोठ्या, दूरच्या बारीक ऐकू येतात. माइक झाकणाच्या वर, मधोमध, किंचित तारसप्तकाकडे सरकवून तिरपा खाली वळवा. भात्याच्या मागे कधीच लावू नका. तिथे सुरापेक्षा वारा जास्त. डाव्या हाताने भाता मारत असाल तर स्टँड उजवीकडून आणा.

कंडेन्सर ४५ ते ६० सेंटिमीटरवर ठेवता येतो. तिन्ही सप्तकं सारखी येतात, रीडचा बारीक झंकारही येतो. पण मग शेजारच्या छपरीतला कूलर, शेतातली मोटर, पट्ट्यांची खटखट आणि भात्याची फुसफुस हेही सगळं येतं. त्याला इंटरफेसवरून ४८ व्होल्टही द्यावे लागतात. दोन्ही माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारे, असतील तर पाठीकडून कमी ऐकतात, तेव्हा माइकची पाठ कूलरच्या दिशेला करा. पेटी तखतावर असेल तर स्टँड जमिनीवर ठेवा आणि पेटीखाली दुहेरी गोधडी घाला, नाहीतर भात्याचा प्रत्येक ठोका लाकडातून माइकपर्यंत पोचतो.

आता इक्वलायझर, म्हणजे रेकॉर्डिंगमधले ठरावीक हर्ट्झचे आवाज कमी-जास्त करायचं साधन. आधी कापा, वाढवायचं शेवटी बघा. पेटी ४४०ला जुळलेली असेल तर काळी १चे सा ६९, १३९ आणि २७७ हर्ट्झवर पडतात. खर्जाची रीड उघडी असेल तर लो-कट (त्याखालचं सगळं कापणारा) ६०वर, नुसती नर-मादी असेल तर १००च्या आसपास. डायनॅमिकचा फुगवटा १५० ते २५०मध्ये बसतो. तिथे ३ डेसिबल कमी केले की खर्ज मोकळा होतो. डब्यातून आल्यासारखा आवाज ३०० ते ५००मध्ये शोधा. रीड कानाला टोचत असेल तर अडीच ते चार हजारांत अरुंद पट्टा घेऊन २-३ डेसिबल उतरवा; त्याहून जास्त उतरवले तर पेटी मेणचट वाटते. कंडेन्सरमध्ये गळक्या भात्याची फुसफुस ८ हजारांच्या वर असते, तिथे हलका उतार पुरतो. पण टिनाचा झर्रर्र कुठल्याही पट्ट्यात कापला जात नाही, कारण तो सुरांच्याच कंपनांवर उशिरा परत येतो. त्याला गाद्या, वाकळी लटकवाव्या लागतात. कापूस वेचून घरात ठेवलेला असेल तर त्याच्याइतकी आवाज शोषणारी खोली दुसरी नाही. तिथे मात्र वायरी ओढू नका, लॅपटॉप बॅटरीवरच चालवा.

पेटी वाजवत गाणार असाल तर निवड सोपी होते: दोन डायनॅमिक. गळ्याचा माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर असेल तर पेटीचा त्या माइकपासून निदान ४५ सेंटिमीटर दूर हवा, पाठ गायकाकडे. कंडेन्सर लावला तर गळा दोन्हीकडे शिरतो, आणि एकत्र केल्यावर आवाज पोकळ होतो. खंजेरी त्याच खोलीत वाजणार असेल तर विचारूच नका. ती नंतर वेगळी घ्या.

भजनी मंडळाचा हिशेबही बघा. डायनॅमिक सप्ताहात लाऊडस्पीकरलाही चालतो, हातातून पडला तरी सहसा टिकतो. कंडेन्सर स्पीकरसमोर लवकर शिट्टी मारतो, गावच्या अनेक ॲम्प्लिफायरमध्ये ४८ व्होल्ट नसतात, आणि धुळीपासून जपून तो डबाबंद ठेवावा लागतो. सिलिका जेलची पुडी सोबत टाका.

युएसबी माइक एकट्या पेटीला ठीक, पण दुसरा माइक जोडताना अडतं. मोबाइल फक्त चाल लक्षात ठेवायला वापरा. त्यातला आपोआप गेन दोन ओळींमधल्या शांततेत कूलर वर उचलतो.

रेकॉर्डिंग २४ बिटवर करा, सगळे सूर उघडून जोरात वाजवल्यावर काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. ५० हर्ट्झची घूं ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. वेळ पहाटेची घ्या: ऊन चढताना आणि संध्याकाळी टिन प्रसरण-आकुंचनाने टिकटिकतं. लोडशेडिंगचा तास तर सोन्यासारखा, कूलर आणि मोटर दोन्ही गप्प असतात; बॅटरी तेवढी आधी भरून ठेवा.