सहकाऱ्यांचा कोर्स हाती घेताना मूडल कितपत उपयोगी पडतं?

नवा विषय शिकवायला येतो, तेव्हा तो आधी शिकवलेल्या सहकाऱ्यांकडे नोट्स, असाइनमेंट, क्विझ असं बरंच काही तयार असतं. ते आपल्याकडे आणायला मूडल, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायची ही प्रणाली, फार चांगली आहे. मात्र काय येतं आणि काय मागे राहतं, हे आधी माहीत हवं.

सहकाऱ्यांनी त्यांच्या कोर्समध्ये आपल्याला शिक्षक म्हणून जोडावं. 'नॉन-एडिटिंग टीचर' (कोर्समध्ये बदल करू न शकणारा शिक्षक) ही भूमिका एरवी इथे पुरत नाही. मग आपल्या रिकाम्या कोर्समध्ये 'मोअर', त्यात 'कोर्स रीयूज' आणि तिथे 'इम्पोर्ट' निवडायचं. दोन्ही कोर्स एकाच मूडलवर असले तरच हा मार्ग चालतो. संस्था वेगळी असेल तर कोर्सची एमबीझेड (.mbz) बॅकअप फाइल मागावी लागते, आणि तिकडची मूडलची आवृत्ती आपल्यापेक्षा नवी असेल तर ती फाइल बहुधा अडते.

इम्पोर्टमध्ये विद्यार्थ्यांचा डेटा येत नाही, हे योग्यच आहे. फसगत होते ती मूडल कशाला 'वापरकर्त्याचा डेटा' मानतं, त्यात. फोरममधल्या पोस्ट, विकीची पानं, डेटाबेसमधल्या आणि ग्लॉसरीतल्या (शब्दसूचीतल्या) नोंदी शिक्षकाने स्वतः लिहिलेल्या असल्या तरी त्याच खात्यात मोजल्या जातात. म्हणजे सहकाऱ्यांनी मेहनतीने जमवलेला पारिभाषिक शब्दसंग्रह आपल्याकडे रिकामा येतो. ग्लॉसरी वेगळी एक्सएमएलमध्ये एक्स्पोर्ट करून आणली की तो प्रश्न सुटतो. पेज, बुक, लेसन यांचा मजकूर मात्र पूर्ण येतो.

दुसरी अडचण ग्रेडबुकची, म्हणजे गुणांच्या नोंदवहीची. 'ही एक असाइनमेंट नको' म्हणून गुण असलेल्या एखाद्या ॲक्टिव्हिटीची खूण इम्पोर्टच्या यादीत काढली, तर ग्रेडबुकमधले गट आणि त्यांचे भारांश येत नाहीत. ग्रेडबुक गुण असलेल्या सगळ्या ॲक्टिव्हिटी निवडल्या तरच सोबत येतं. त्यामुळे आधी सगळं आणावं, नको ते नंतर पुसावं. अर्धवट निवडीत लिंकही बिघडतात. न आणलेल्या पानाकडे जाणारी लिंक जुन्याच कोर्सकडे बोट दाखवत राहते आणि विद्यार्थ्याला तिथे प्रवेश नसतो. जुन्या कोर्समधून आलेल्या तारखा एकेक उघडून पाहाव्यात, 'रिस्ट्रिक्ट ॲक्सेस'मध्ये (प्रवेशाच्या अटींत) दडलेल्याही.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रश्नपेढी. सहकाऱ्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका वर्डमध्ये पडून असतील तर ते मूडलमध्ये आणायला एकन (Aiken) हा साध्या टेक्स्टचा फॉरमॅट सोपा: एका ओळीत प्रश्न, खाली रोमन कॅपिटल अक्षरांचे पर्याय (अक्षरानंतर टिंब किंवा कंस आणि एक जागा), शेवटी कॅपिटल अक्षरांतच उत्तराची ओळ (जसं ANSWER: B). फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये साधा टेक्स्ट म्हणून जतन केली नाही तर देवनागरी मजकुराची वाट लागते. एकच बरोबर पर्याय असलेले प्रश्नच यात बसतात.

मूडल ४.० पासून प्रश्न बदलला की त्याची नवी आवृत्ती तयार होते, आणि क्विझ आपोआप ताजी आवृत्ती घेते. प्रश्नपेढी दोघांत सामायिक असेल तर सहकाऱ्यांनी केलेली दुरुस्ती आपल्या पुढच्या परीक्षेत उतरू शकते. म्हणून महत्त्वाच्या क्विझमध्ये प्रत्येक प्रश्नाची आवृत्ती ठरावीक निवडून ठेवावी.

एकत्र बसून लिहायला मात्र मूडल कमकुवत आहे. एकच पान दोघांनी एकाच वेळी उघडलं तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचा मजकूर टिकतो, दुसऱ्याचा जातो. रिसायकल बिन पुसलेली ॲक्टिव्हिटी परत देतं, मूळ सेटिंगनुसार ७ दिवस. वर चढवून लिहिलेला परिच्छेद देत नाही. त्यामुळे मसुदा सामायिक दस्तऐवजात करावा आणि ठरलेला मजकूरच इथे आणावा.

हा प्रश्न का काढला, ही असाइनमेंट तिसऱ्याच आठवड्यात का, विद्यार्थी कुठे अडतात, ही माहिती कोणत्याही फाइलमध्ये नसते आणि खरी मदत तीच असते. त्यासाठी प्रत्येक घटकात विद्यार्थ्यांपासून लपवलेलं एक पेज ठेवून सहकाऱ्यांकडून तिथेच चार ओळी लिहून घ्याव्यात. लपवलेली पानंही इम्पोर्टमध्ये येतात, म्हणून हा कोर्स पुढे ज्यांच्याकडे जाईल त्यांनाही त्या मिळतात.

सगळं जागेवर बसलं की तपासणीसाठी 'स्विच रोल'वर (आपल्याच खात्यातून विद्यार्थ्याच्या भूमिकेत कोर्स पाहण्यावर) विसंबू नये. असाइनमेंट जमा करणं, गट, क्विझचा वेळ त्यात नीट तपासता येत नाही. ॲडमिनकडून चाचणीसाठी विद्यार्थ्याचं वेगळं खातं मागून घ्यावं आणि पहिली क्विझ त्यातून शेवटपर्यंत सोडवावी.