बी.एड.ची चिंतन डायरी: वहीत लिहायची का ब्लॉगवर?

बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून इंटर्नशिप, म्हणजे शाळेत जाऊन शिकवायचा सराव, 20 आठवड्यांची असते, त्यातले 16 दुसऱ्या वर्षात, आणि पाठ झाला की त्यावर चिंतन लिहा, म्हणजे काय जमलं, काय फसलं आणि का, हे आलंच. काही कॉलेजांत आता वहीऐवजी ब्लॉग चालतो म्हणतात, मग वर्गात दोन गट पडतात. मी पहिल्या वर्षी वही लिहिली, दुसऱ्या वर्षी ब्लॉग, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

वहीची खरी मजा म्हणजे ती लगेच हाताशी असते. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता चार ओळी खरडता येतात, आणि सातवी ब नी आपल्याला कसं गुंडाळलं याचा राग अजून ताजा असतो तेव्हाच. चिंतनावर लिहिणारे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांचं ते परीक्षेच्या पेपरात येतं ना, शिकवत असतानाचा विचार वेगळा आणि शिकवून झाल्यावरचा वेगळा, तर पहिला प्रकार इतक्या पटकन विसरायला होतो की संध्याकाळी लॅपटॉप उघडेपर्यंत त्यातलं काही उरतच नाही. शिवाय वहीत माणूस खरं लिहितो. 'आज मला हा विषयच नीट येत नव्हता' हे मी ब्लॉगवर कधीच लिहिलं नसतं.

पण वहीचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये. सबमिशनच्या आदल्या रात्री तीन वेगवेगळे पेन घेऊन महिनाभराचं चिंतन, म्हणजे रोज लिहिल्यासारखं दिसायला! मग सरांची सही आणि फाईल कपाटात. (ब्लॉगवर असं जमत नाही असं समजू नका, ब्लॉगरवर (गूगलची ब्लॉग लिहायची सोय) मागची तारीख टाकता येते हा शोध आमच्यातल्या एकाने पहिल्याच आठवड्यात लावला.)

ब्लॉगने मला काय दिलं ते एका पाठावरून सांगते. अपूर्णांकांची बेरीज घेतली, निम्म्या वर्गाने 1/2 + 1/3 = 2/5 लिहिलं. मी पोस्टमध्ये लिहिलं की मुलांचं लक्ष नव्हतं, वेळ पुरला नाही. खाली मेथडच्या (म्हणजे शिकवायचा विषय माझाच असलेल्या) मैत्रिणीची कमेंट, 'अगं पण 2/5 तर अर्ध्यापेक्षा कमी येतं, अर्ध्यात काहीतरी मिळवून कमी कसं झालं हे विचारलंस का त्यांना? का डायरेक्ट लसावि काढायला लावलास?' डायरेक्टच लावला होता. वहीत माझं 'लक्ष नव्हतं' हे वाक्य तसंच सही होऊन गेलं असतं. दुसरं म्हणजे लेबलं, एका विषयाच्या पोस्ट एकत्र दिसाव्यात म्हणून लावायचे शब्द. मी 'वेळ' असं लेबल लावत होते, तीन आठवड्यांनी त्यावर क्लिक केलं तर पाच पाठांत तीच रड, आणि पाचही वेळा प्रस्तावनाच लांबलेली.

चिंतन कसं लिहायचं याचा गिब्ज यांचा एक साचा आहे, त्या गिब्जच्या चक्रात सहा पायऱ्या आहेत, वर्णनापासून कृती आराखड्यापर्यंत, पण वही असो का ब्लॉग, आपण वर्णनात पान भरतो आणि आराखड्याला 'पुढच्या वेळी सुधारणा करीन' एवढंच. यात माध्यमाने काही फरक पडत नाही, उलट ब्लॉगवर थीम आणि फोटो निवडण्यातच तास जातो.

फोटोवरून आठवलं, वर्गातल्या मुलांचे फोटो, नावं, शाळेचं नाव काहीही टाकायचं नाही. 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय वापरायची नाही हे 2023 च्या डेटा कायद्यातही आहे, आणि कायदा सोडा, 'अमुक मुलगा ढ आहे' हे त्याच्या आईने वाचलं तर? ब्लॉगरमध्ये ब्लॉग खासगी करून ठरावीक लोकांनाच वाचायला देता येतो, ते पहिल्या दिवशीच करा.

तर माझं मत विचाराल तर आधी हे बघा की तुमचं वाचणार कोण. मेथडचे चार-पाच जण खरंच एकमेकांचं वाचून प्रश्न विचारणार असतील, किंवा मॅडम कमेंट करणाऱ्यातल्या असतील, तर ब्लॉग घ्या, आठवड्याला एकच पोस्ट, आणि खिशात छोटी वही असू द्याच, पोस्टचा कच्चा माल तिथूनच येतो. कोणी वाचणार नसेल किंवा कमेंटमध्ये नुसतं 'खूप छान' आणि अंगठे येणार असतील तर सरळ वही, निदान खरं तरी लिहाल. खेड्यातली शाळा मिळाली आणि रेंजची बोंब असेल तरी वहीच. टायपिंगच्या भीतीने मात्र ब्लॉग सोडू नका, फोनवर बोलून मराठी बऱ्यापैकी टाइप होतं, फक्त 'लसावि' म्हटलं की माझा फोन दरवेळी काहीतरी नवीनच लिहायचा.