२.४ गिगाहर्ट्झचा गिटार वायरलेस : आठ महिने वापरून, मुख्यतः आवाज तुटण्याविषयी

सेट साधाच आहे. गिटार आणि ॲम्पमधल्या केबलऐवजी अंगठ्याएवढे दोन तुकडे: ट्रान्समीटर गिटारच्या सॉकेटमध्ये आणि रिसीव्हर इफेक्टच्या पेडलमध्ये किंवा ॲम्पमध्ये. दोन्हींत चार्ज होणारी बॅटरी, सहा चॅनल, किंमत चार-पाच हजारांच्या घरात. या भावातले बहुतेक सेट स्टेजवर सारखेच वागतात, त्यामुळे कंपनीच्या नावाने फारसा फरक पडत नाही. वापर कोल्हापूर आणि आसपासच्या मंगल कार्यालयांत, कॉलेजच्या कार्यक्रमांत आणि गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात, आठवड्याला दोन-तीनदा.

डब्यावर ३० मीटर रेंज लिहिलीय. मोकळ्या जागेत, समोरासमोर, मध्ये कुणी नसताना तेवढी मिळते. तरीही स्टेजवर सहा मीटरवर आवाज तुटतो, आणि त्याला कारण अंतर नसतं. रिसीव्हर कुठे खुपसलाय ते आधी बघा.

त्याच्याही आधी एक गोष्ट पक्की करा. आवाज तुटतोय की खरखरतोय? डिजिटल सेटमध्ये सिग्नल गेला की आवाज कात्रीने कापल्यासारखा जातो आणि तसाच परत येतो. खरखर, टकटक, पिनेला हात लागला की गुणगुण, हा सगळा पी-३८ सॉकेटचा, म्हणजे गिटारच्या पाव इंची जॅकचा आजार. कानावर भरवसा नसेल तर रिसीव्हर ऑडिओ इंटरफेसला (गिटार लॅपटॉपला जोडायच्या डबीला) जोडा, दहा मिनिटं वाजवून रेकॉर्ड करा आणि वेव्हफॉर्म मोठा करून बघा. सिग्नल गेला तिथे सपाट आडवी रेघ असते, सॉकेट सैल आहे तिथे उभे काटे दिसतात. ही चाचणी करताना लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावलेली असेल तर रिसीव्हर मीटरभर लांब ठेवा. ती केबल नेमका २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते, आणि मग नसलेला दोष सापडतो.

सॉकेटचं काम घरी होतं. प्लेट उघडली की पिनेच्या टोकाला टेकणारी वाकडी पत्ती दिसते. ट्रान्समीटर साध्या पिनेपेक्षा जड असतो आणि बाहेर लोंबतो, त्यामुळे ही पत्ती काही महिन्यांत सैल पडते. नोज प्लायरने ती मिलिमीटरभर आत दाबा. नट आवळताना आतला सॉकेट बोटांनी धरून ठेवा. तो फिरला तर वायरी पिळतात आणि सोल्डरचा डाग सुटतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात पत्तीवर काळपट थर चढतो. इअरबड आयसोप्रोपिलमध्ये बुडवून आतून फिरवायचा, मग पिन आठ-दहा वेळा आतबाहेर करायची. जून ते सप्टेंबर हे महिन्यातून एकदा केलेलं बरं.

ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपच्या गिटारची गोष्ट वेगळी. तिथे सॉकेट स्टिरिओ असतो आणि मोनो पिन घातली की सॉकेटमधले रिंग व स्लीव्ह हे दोन संपर्क जोडले जाऊन गिटारची ९ व्होल्टची बॅटरी चालू होते. काही ट्रान्समीटरची पिनच स्टिरिओ घडणीची असते. मग ही जोडणी होत नाही आणि आवाज फुटका येतो किंवा येतच नाही. मध्ये वीतभराची मोनो मेल-फिमेल केबल घातली की काम भागतं.

आता रेडिओ. २.४ गिगाहर्ट्झची लाट साधारण साडेबारा सेंटिमीटरची असते, आणि पाणी तिला शोषून घेतं. माणसाच्या अंगात पाणीच जास्त. बहुतेक जण रिसीव्हर मागे ॲम्पमध्ये घालतात आणि गिटार पोटासमोर घेऊन पुढे उभे राहतात. म्हणजे सबंध कार्यक्रमभर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये वाजवणाऱ्याचं अंगच आडवं. रिसीव्हर पुढे पेडलबोर्डवर घेतला तरी तो जमिनीला टेकलेला आणि मॉनिटरच्या (स्टेजवरच्या स्पीकरच्या) आडोशाला. ॲल्युमिनियमच्या बोर्डखाली पट्टीने बांधला असेल तर विचारूच नका.

उपाय दोन-तीनशे रुपयांत होतो: दीड ते दोन मीटरची पी-३८ मेल-फिमेल केबल. तिचं मेल टोक पहिल्या पेडलमध्ये, फिमेल टोकात रिसीव्हर, आणि तो माईक स्टँडला छातीच्या उंचीवर वेल्क्रोने बांधायचा, दिवा तुमच्याकडे. स्टँड वाजवणाऱ्याच्या समोर किंवा उजव्या अंगाला, कारण लेस पॉल घाटाच्या गिटारचा सॉकेट कडेला, उजव्या मांडीजवळ येतो. स्ट्रॅट घाटाच्या गिटारचा सॉकेट वरच्या अंगाला असल्याने तिला समोरची जागा मानवते. रिसीव्हरनंतरची केबल थोडी लांब झाली म्हणून टोन मरत नाही, कारण तिथला सिग्नल पिकअपसारखा नाजूक राहिलेला नसतो. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त फरक या एका केबलने पडला.

जागेनुसारही वागणं बदलतं, आणि अपेक्षेच्या उलट बदलतं. गांधी मैदानासारख्या उघड्या ठिकाणी सिग्नल छान चालेल असं वाटतं. समोरासमोर चालतोही. पण तिथे भिंत-छत नाही, म्हणजे लाट उसळून मागून यायला काही नाही. ड्रमरकडे वळून पाठ फिरवली की आवाज गेलाच. पत्र्याच्या छताच्या कार्यालयात लाटा सगळीकडून उसळतात, त्यामुळे पाठ फिरवूनही वाजतं. मात्र दोन वाटांनी आलेल्या लाटा एकमेकींना मारतात अशा ठरावीक जागा तयार होतात. सहा-सात सेंटिमीटरवर चित्र पालटतं, म्हणजे स्टँड चार बोटं सरकवला तरी पुरतं. महाग सेटमध्ये दोन अँटेना असतात त्या यासाठीच. या भावात ती चैन नाही.

साऊंड चेक दुपारी चारला बिनघोर होतो आणि रात्री आठला आवाज तुटायला लागतो, ही तक्रार सगळ्यांचीच. सेट बिघडलेला नसतो, लोक आलेले असतात. प्रत्येकाच्या खिशात वायफाय आणि ब्लूटूथ, कुणाचा हॉटस्पॉट चालू, आणि हे सगळं २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या त्याच बिनपरवाना पट्ट्यात. पण लोकांच्या फोनपेक्षा जास्त त्रास स्टेजवरच्याच एका डबीचा होतो: टॅबवरून डिजिटल मिक्सर चालवणाऱ्या साऊंडवाल्याचा राउटर. तो तुमच्या रिसीव्हरपासून हातभर अंतरावर असेल तर चॅनल बदलून काही होत नाही, कारण त्याच्या जोरापुढे रिसीव्हर बहिरा होतो. साऊंडवाल्या दादांना आधीच भेटून राउटर ५ गिगाहर्ट्झवर घ्यायला सांगा, जमत नसेल तर किमान तीन-चार मीटर लांब ठेवायला सांगा. नम्रपणे. संध्याकाळभर तुमचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, त्यांच्याच हातात असतो.

चॅनल निवडायचाच तर अंदाजपंचे नको. वायफाय साधारण १, ६ आणि ११ वर असतं, म्हणजे मध्य २४१२, २४३७ आणि २४६२, प्रत्येकाची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झ. मधल्या फटी २४२५ आणि २४५० च्या आसपास, शिवाय २४७२ च्या वर थोडी जागा. भारतात राउटरला १२ आणि १३ चालतात, तेव्हा वरची फटही रिकामी असेलच असं नाही. तुमच्या सेटच्या कागदावर चॅनलची फ्रिक्वेन्सी छापली असेल तर या फटींतला घ्या. छापली नसेल तर फोनवरच्या वायफाय ॲनालायझरने गर्दी बघून एकेक चॅनल वाजवून बघा, आणि लोक आल्यावर पुन्हा बघा. ॲपमध्ये ब्लूटूथ दिसत नाही हे ध्यानात असू द्या. दोन गिटारना दोन सेट असतील तर एका वेळी एकच चालू करून चॅनल ठरवा.

५.८ गिगाहर्ट्झचा सेट घेतला तर या गर्दीतून सुटका होते, पण लाट पाच सेंटिमीटरवर येते आणि अंगाची सावली आणखी गडद पडते. शिवाय ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचे वरचे चॅनल त्याच भागात आहेत.

बॅटरी डब्यावर पाच तास म्हणते, चार धरून चाला. रिसीव्हर पॉवर बँकवर ठेवण्याची युक्ती बरेच जण करतात आणि फसतात. रिसीव्हर इतका कमी करंट घेतो की बँकेला वाटतं काही जोडलंच नाही, आणि ती काही वेळाने बंद पडते. त्यापेक्षा मध्यंतरात वीस मिनिटं साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर लावा. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डिकीत सेट ठेवू नका.

उशीर म्हणाल तर या सेटचा पाच मिलिसेकंदांच्या आसपास. ॲम्पपासून पावणेदोन मीटर लांब उभं राहिल्यासारखं. एकट्याने जाणवत नाही. डिजिटल मल्टिइफेक्ट आणि डिजिटल इन-इअर (कानातला मॉनिटर) त्यात मिळवले की वेगवान तुकड्यांत बोटं जड वाटू लागतात. टोन किंचित चुरचुरीत येतो, कारण सहा मीटर केबलची, चढे सूर दाबणारी सुमारे ६०० पिकोफॅरड कपॅसिटन्स आता मध्ये नसते. टोनचा नॉब दहावरून आठवर आणा.

मिरवणुकीत बँजोला हाच सेट लावायचा असेल तर रिसीव्हर ट्रॉलीच्या लोखंडी पत्र्याआड जाऊ देऊ नका, वर काठावर बांधा, आणि जनरेटरपासून लांब ठेवा.

कितीही जमवलं तरी सहा मीटरची केबल बोर्डाशेजारी गुंडाळून तयार ठेवावीच लागते. सिग्नल गेला की आधी ट्यूनर पेडल दाबून म्यूट करा, मग पहिल्या पेडलमधलं रिसीव्हरच्या केबलचं टोक काढून ही घाला, दुसरं टोक गिटारला, आणि म्यूट काढा. उलट क्रमाने केलंत तर स्पीकरमधला धाडकन आवाज पहिल्या रांगेतल्या आजोबांपर्यंत पोचतो.