किल्ला तलाव की राकसकोप? बेळगावात उन्हाच्या दिवशी पाण्याकाठी फिरायचं तर

दिवाळी झाली की बेळगावचं ऊन बदलतं. चार महिने झाकलेलं आभाळ मोकळं होतं. सकाळी अंगात स्वेटर लागतो आणि दहा वाजता तोच कमरेला बांधावा लागतो. नेमके याच दिवसांत पुण्या-मुंबईचे पाव्हणे येतात आणि म्हणतात, "कुठंतरी पाण्याकाठी फिरून येऊया की." अशा वेळी माझ्यापुढं दोन जागा असतात, शहरातला किल्ला तलाव आणि पश्चिमेकडचा राकसकोप जलाशय. दोन्हीकडं मी अनेक वर्षं जाते आहे. पाणी दोन्हीकडं आहे, पण एकाच दिवशी एकाच माणसाला दोन्ही जागा सारख्याच मानवतील असं नाही.

किल्ला तलावाची सोय मोठी. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलं की चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. काठानं बांधलेली वाट आहे, बसायला बाकं आहेत, चप्पल घालूनही फेरी मारता येते. काठावरचा राष्ट्रध्वजाचा खांब ११० मीटर उंचीचा, २०१८ साली उभारलेला. ध्वज रोज फडकताना दिसेलच असं नाही, पण नुसता खांब पाहायलासुद्धा लहान मुलं मान मागं टाकून उभी राहतात. पाणी हिरवट, संथ. समोर रस्त्याची वर्दळ असते आणि हॉर्न काही थांबत नाहीत. शांततेसाठी इथं येऊ नये. घरातून निघून तासाभरात पाणी बघून परत यायचं असेल तर यावं.

उणीव आहे ती सावलीची. एकदा आईला घेऊन साडेअकराला गेले होते. गुडघेदुखीमुळं तिला दर शंभर पावलांवर बसावं लागायचं, आणि बाक इतका तापला होता की पदराची घडी करून तिच्याखाली घालावी लागली. त्या दिवशी अर्धी फेरीही झाली नाही. तेव्हापासून माझा नियम ठरला: किल्ला तलाव सकाळी नऊच्या आत, नाहीतर चारनंतर.

पण ऊन चढलं म्हणून लगेच घरी परतायचं कारण नाही. समोरच किल्ला आहे, आणि किल्ला तलावाच्या बाजूनं माझं सगळ्यात मोठं म्हणणं हेच आहे. प्रवेशाशी गणपती आणि दुर्गादेवी. आत गेलं की कमल बस्ती. रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ मध्ये हे जैन मंदिर बांधलं. आतली मूर्ती नेमिनाथांची, काळ्या पाषाणातली. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही. मग तळपायांना फरशीचा गारवा लागतो, डोळे सरावतात आणि छतातून खाली उतरलेलं दगडी कमळ दिसू लागतं. त्याला ७२ पाकळ्या आहेत. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर, म्हणून बहात्तर. आईला तिथं खांबाला टेकवून बसवलं होतं. "इथंच आधी आणायचंस की गं," म्हणाली. पुढं रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले, तेव्हा किल्ल्यातल्या हरिपद मित्र यांच्या घरी राहिले होते. ती जागा आज आश्रमात आहे. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन जाताय? मग पुढचं वाचायची गरज नाही. तलाव, कमल बस्ती, आश्रम, घर. अर्धा दिवस चांगला जातो.

आता राकसकोप. बेळगुंदीच्या बाजूनं निघालं की शहर मागं पडतं आणि सुगी सुरू होते. खळ्यावर भात, बांधावर काजूची झाडं, रस्त्याकडेला मातीसकट रताळ्यांची पोती. वळण घेतलं की एकदम पाणी. मार्कंडेय नदी अडवून केलेला हा जलाशय. पलीकडं तुडये, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. काठावर उभं राहून कुठं एक राज्य संपलं आणि कुठं दुसरं लागलं ते नजरेला कळत नाही. दोन्हीकडच्या बायका त्याच मराठीत हाका मारत असतात.

इथं बांधलेली वाट नाही, बाक नाही, कठडा नाही. पावसाळ्यात जलाशय भरला की पातळी समुद्रसपाटीपासून २४७५ फुटांवर जाते आणि शहरातल्या प्रत्येक घरात तो आकडा बोलला जातो. पुढं पाणी हळूहळू उतरतं आणि काठाला मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. चालायचं ते त्या पट्ट्याच्या वरच्या अंगानं. खालची माती वरून वाळून तडकलेली दिसते, पण पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो. माझ्या भाच्याचा बूट असाच रुतून बसला आणि तो काढायला दोघांना ओढावं लागलं. मुलं सोबत असतील तर हात सोडू नका, आणि पाण्यात उतरायचा विचारही करू नका.

एवढं सांगूनही मला स्वतःला विचाराल तर मी राकसकोपला जाईन. गेल्या डिसेंबरात एका वठलेल्या खोडावर पाणकावळा बसला होता. दोन्ही पंख पसरून, उन्हाकडं पाठ करून. कपडे वाळत घालावेत तसे त्यानं पंख वाळत घातले होते. आम्ही शेंगा खात वीसेक मिनिटं बघत होतो, तो हलला नाही. पाण्यावर वारा आला की ऊन फुटायचं आणि पुन्हा सांधायचं. असं ऊन किल्ला तलावावर मला कधी दिसलं नाही.

दुसरं कारण घरचं आहे. हेच पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनवरून लक्ष्मी टेकडीला जातं, शुद्ध होतं आणि मग आपल्या नळाला येतं. हिडकल धरणाचं पाणीही शहराला मिळतं, पण राकसकोप जवळचं, रोजच्या बोलण्यातलं. म्हणून तिथं काचेच्या बाटल्या फोडलेल्या, प्लास्टिकच्या पिशव्या पाण्यात तरंगताना दिसल्या की माझा जीव तळमळतो. रात्री घरी जाऊन आपण तेच पाणी पिणार असतो. खाणं डब्यात न्या आणि कचरा पिशवीत भरून परत आणा. धरणाच्या भिंतीजवळ जायचा हट्ट धरू नका. राखणदारानं हटकलं तर मागं फिरावं.

निपाणी-चिकोडीकडच्यांचं गणित वेगळं. त्यांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तेव्हा त्यांनी सरळ रंकाळ्याला जावं. शहरातल्या तळ्याचा काठ म्हणून तो आमच्या किल्ला तलावापेक्षा कितीतरी मोठा आणि मोकळा आहे. काठावर १९३० च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस, संध्याकाळी भेळ, वर अंबाबाईचं दर्शनही होतं. बेळगावहून मात्र जाऊन-येऊन दोनशेवर किलोमीटर होतात. नुसत्या चालण्यासाठी मी तेवढं जाणार नाही.

तेव्हा असं करा. सोबत सत्तरीपुढचं कोणी असेल, हाताशी दोन-तीन तासच असतील किंवा गाडी नसेल, तर किल्ला तलाव, तोही सकाळी लवकर. चालणारी माणसं असतील आणि दुपारपर्यंत मोकळीक असेल, तर राकसकोप. पाव्हणे दोन दिवस राहणार असतील तर पहिल्या दिवशी किल्ला आणि दुसऱ्या दिवशी राकसकोप, उलटं नको. आधी राकसकोप पाहिलेल्याला तलाव लहान वाटतो.

राकसकोपला बसनं जाणार असाल तर परतीच्या बसची वेळ चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या. टोपी, तळाला पकड असलेले बूट आणि प्यायचं पाणी घरातून न्या. चपाती-भाजीबरोबर दहीभाताचा डबा असला तर बरं, कारण एक वाजला की उन्हानं भूक दुप्पट लागते आणि जवळपास हॉटेल शोधत बसायचं म्हणजे परत बेळगुंदीकडं यावं लागतं.