मास्टोडॉन: पावसाळ्याआधीपासून वापरतोय, नेरूळहून अनुभव

आधीच सांगतो, मास्टोडॉन हे ट्विटरसारखं समाजमाध्यम आहे, पण रील्स बघायला येणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. इथे जाहिराती नाहीत, अल्गोरिदम नाही, पोस्ट आल्या त्या क्रमाने दिसतात. पहिला आठवडा सुट्टीतल्या शाळेसारखा गेला.

मी आलो ते वैतागून. इथल्या पाणथळ जागेवर मेलेल्या फ्लेमिंगोचा फोटो आमच्या गटाने एका मोठ्या अ‍ॅपवर टाकला होता. खाली एवढंच विचारलं होतं की तलावात येणारं खाडीचं पाणी अडलं कसं, आणि जबाबदार कोण? पोस्ट उडाली. कारण: ‘हिंसक दृश्य’. अपील केलं, तर चहा गार व्हायच्या आत उत्तर हजर: ‘पुन्हा तपासलं, निर्णय कायम.’ मराठी मजकूर कोणी वाचला तरी का, देव जाणे.

२०१२ मध्ये पालघरच्या (तेव्हा तो ठाणे जिल्हाच) दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तेव्हा निदान समोर कोण आहे ते दिसत होतं: पोलीस आणि आयटी कायद्याचं कलम ६६अ. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. कंपनीने तोंड बंद केलं की भांडायचं कोणाशी? २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार अधिकारी आहे. २४ तासांत पोच, ७ दिवसांत निकाल (२०२६ च्या बदलाआधी १५ दिवस). त्यावर दाद मागायची ती केंद्र सरकारने नेमलेल्या अपील समितीकडे. सरकारवर टीका केलेली पोस्ट उडाली तरी तिथेच! शिवाय त्याच आयटी कायद्याच्या कलम ६९अ खालचे सरकारचे ब्लॉकिंगचे आदेश गोपनीय असतात, त्यामुळे कंपनीने पोस्ट आपणहून काढली की वरून आदेश आला, हेही कळायला मार्ग नाही.

मास्टोडॉन २०१६ मध्ये जर्मनीत सुरू झालं. आपल्याकडे नाव गाजलं ते २०१९ मध्ये. नाझी सलाम न करणाऱ्या माणसाचा जुना फोटो लावल्यावरून ट्विटरने वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं, तेव्हा बरेच लोक रागाने इकडे आले. बहुतेक परतही गेले. का, ते मला आता कळतंय.

इथे मालक एक नाही. हजारो सर्व्हर (वेगवेगळ्या लोकांनी चालवलेली, एकमेकांशी जोडलेली छोटी केंद्रं), प्रत्येकाचे आपले नियम. आमच्या त्याच फोटोवर इथेही कोणीतरी तक्रार केली. पण सर्व्हर सांभाळणाऱ्याने स्वतः लिहून कळवलं, ‘पोस्ट राहू दे, फोटोवर इशारा लाव.’ लावला, विषय संपला. मला हवं होतं ते एवढंच.

अडचण पुढे आहे. पोस्ट वाचली पुण्यातल्या एका पक्षीनिरीक्षकाने आणि दोन-तीन जर्मन मंडळींनी. शेजारच्या सीवूड्सच्या सोसायट्यांमधलं कोणी नाही, वॉर्डातले भावी नगरसेवक तर नाहीतच. विरोधाचा आवाज ज्यांच्या कानावर जायला हवा ते सगळे त्या मोठ्या अ‍ॅपवरच बसलेत. म्हणून पोस्ट आता आधी इथे टाकतो आणि तिची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. लोक उघडतात, वाचतात. इथे खातं मात्र कोणी उघडत नाही.

खातं घेणार असाल तर सर्व्हरचे नियम आणि चालवणारा कोण, हे आधी बघा. सर्व्हर बदलला तर फॉलोअर्स सोबत आणता येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात, तेव्हा त्यांची प्रत अधूनमधून उतरवून घ्या. आमचा सर्व्हर देणगीवर चालतो. मी महिन्याला दोन वडापाव आणि कटिंगएवढे पैसे पाठवतो.