वासोट्याची सहल : शिट्टी फार, पारख कमी

गेल्या डिसेंबरात साताऱ्यातील एका सहल आयोजकाबरोबर आम्ही चौघे एका दिवसात वासोटा किल्ला करून आलो. पहाटे निघून कासमार्गे बामणोलीला पोहोचेपर्यंत थंडीने बोटे आखडली होती. तरी गाडी वेळेवर आली होती, पोहे गरम होते आणि शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, धुक्यातून बोट किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीकडे निघाली, तेव्हा निम्मे पैसे तिथेच वसूल झाल्यासारखे वाटले.

तक्रार पुढची आहे. बोटीत लाइफ जॅकेटची सक्ती होती, ती योग्यच; कोयनेचे पाणी खोल आहे आणि काठ दूर. जंगलात मुक्काम आणि शेकोटी नको, हेही पटते, कारण हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो आणि धुराने आग्या मोहोळ उठले तर पळायला जागा नसते. आयोजकांनी मात्र यावर स्वतःची दोन पानी नियमावली चढवली होती. झाडीतल्या सरळ पायवाटेवर हेल्मेट, दर पंधरा मिनिटांनी शिट्टी आणि हजेरी, परवानगीशिवाय दगडावर बसायचे नाही (माझ्या गुडघ्यांना हा नियम कोणी सांगितला नव्हता), आणि बाबूकड्यापासून इतक्या लांब दोरी बांधलेली, की तो उभा कातळ आम्हाला जेमतेम दिसला.

एवढे करूनही निघताना कोणाच्या बुटांचे तळवे पाहिले गेले नाहीत. एक तरुण गुळगुळीत तळव्याच्या बुटांनी आला होता आणि एका काकूंजवळ अर्ध्या लिटरचीच पाण्याची बाटली होती. हजेऱ्यांत वेळ गेल्याने परतीच्या बोटीसाठी उतार घाईत उतरावा लागला आणि हिवाळ्यातल्या वाळक्या पाचोळ्यावरून तो तरुण दोनदा घसरला. तेव्हा सोबतच्या स्थानिक वाटाड्या मुलाने त्याला झाडीतली एक काठी दिली आणि म्हणाला, “दादा, पाचोळा दिसला की आधी काठी टेका, मग पाय.” दोन पानांत हे कुठेही नव्हते. त्यानंतर आमच्यापैकी कोणी घसरले नाही, कारण शिट्टीकडे कान लावण्याऐवजी आम्ही वाटेकडे पाहू लागलो.

पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्यांना ही सहल चालेल, जेवणही चांगले आहे. सवय असलेल्यांनी मात्र बामणोलीहून बोट स्वतः ठरवावी, वनखात्याचा परवाना घ्यावा आणि गावातला वाटाड्या सोबत न्यावा.