रेफ्युजियमचा ‘३०० वॅट’ लाइट, भिंतीतून ओढतो २४

घरात समुद्री माशांचा टँक ठेवणाऱ्यांसाठी लिहितोय. ‘रीफ ग्रेड रेफ्युजियम लाइट, ३०० वॅट, फुल स्पेक्ट्रम, वॉटरप्रूफ’ अशी जाहिरात इन्स्टाग्रामवर दिसली आणि विकणारा ‘मुंबईतलाच आहे सर, काही झालं तर मी बसलोय’ असं म्हणाला, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे साडेआठ हजार गेले आहेत. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. आणि नावाचा तसाही उपयोग नाही, ते बदलत राहतं. पॅनेल तेच राहतं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: रेफ्युजियम म्हणजे टँकखालच्या सम्पमधला (पाणी गाळायच्या खालच्या टाकीतला) एक कप्पा. त्यात समुद्री शेवाळ वाढवायचं. ते पाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेट खाऊन वाढतं, मग अधूनमधून मूठ-दोन मूठ काढून टाकायचं, म्हणजे तेवढी घाण टँकबाहेर गेली. आपल्याकडे बहुतेक जण कीटोमॉर्फा (थोडक्यात कीटो) ठेवतात, तारेच्या घासणीसारखा हिरवा गुंता असतो तो. कौलर्पाही चालतो, मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर तो आपसूक उगवतो, पण बिनसलं की एका रात्रीत पांढराफटक होतो आणि सगळं पाणी दुधाळ करून टाकतो. मी त्याच्या वाटेला जात नाही. खालचा लाइट रात्री लावायचा, वरचा बंद झाला की. अंधारात मासे आणि बॅक्टेरिया कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, पाण्याचा पीएच उतरतो. त्या वेळी खालचं शेवाळ तो वायू ओढून घेतं.

म्हणजे हा लाइट कॅबिनेटच्या आत, बंद दाराआड, आपण झोपलेले असताना जळतो. त्याच्याकडे कोणी बघत बसत नाही, आणि या धंद्याचं निम्मं भांडवल तेच आहे.

आता वॅटचा हिशोब. माझ्या प्रश्नावर त्याचं उत्तर तयार होतं: ‘सर, ३० एलईडी आहेत, प्रत्येक १० वॅटचा. तुम्हीच गुणा.’ गुणाकार बरोबर आहे. फक्त त्या चिपला १० वॅट सोसतील असं तिच्या कारखान्याने म्हटलेलं असतं, आतला ड्रायव्हर (चिपांना वीज पुरवणारं सर्किट) तिला तेवढे देत नाही. माझ्या पॅनेलचा ड्रायव्हर चिपमागे एक वॅटसुद्धा देत नव्हता. प्लग आणि सॉकेटच्या मधे लावायचा साधा वॅट मीटर आणला, त्यावर २४ वॅट. पुन्हा लावला, दुसऱ्या सॉकेटला लावला, २४.

मीटर नसेल तर विजेचं बिल बघा. ३०० वॅटचा दिवा रोज १२ तास म्हणजे दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. एवढी वाढ कुठल्याही घरात डोळ्यांत भरते. माझ्या बिलात ती आठ-नऊ युनिटच्या वर नव्हती. यावर त्याचं म्हणणं: ‘एलईडी आहे ना सर, पॉवर सेव्हिंग.’ एलईडी कमी विजेत जास्त उजेड देतो हे खरं, पण ३०० वॅट ओढणारा एलईडी ३००च ओढतो. ‘३०० वॅटइतका उजेड’ म्हणायचं असेल तर तसं छापायला हवं. खोक्यावर ‘पॉवर: ३०० वॅट’ असं सरळ छापलं होतं.

खरं सांगायचं तर या माणसाचं वैशिष्ट्य खोटं बोलणं नव्हतंच. तो जे सांगायचा त्यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर खरं असायचं. कीटो फिका पडायला लागला तेव्हा म्हणाला, ‘पाण्यात आयर्न कमी असेल सर.’ शेवाळाला लोह लागतं, खरं आहे. लोहाची बाटली त्याच्याकडेच होती, ती घेतली. मग म्हणाला, ‘फॉस्फेट शून्य असेल तर वाढणार नाही.’ हेही खरं. मी टेस्ट किटचा फोटो पाठवला, फॉस्फेट भरपूर होतं. मग ‘फ्लो वाढवा, गुंता फिरत राहिला पाहिजे’. बरोबर. मग ‘नवीन जागेत रुळायला वेळ लागतो’. तेही बरोबर. मोबाइलच्या लक्स अॅपवर आकडा फारच कमी येतो म्हटल्यावर तर त्याने मलाच शिकवलं, की लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात, हिरव्या-पिवळ्या उजेडाला वजन जास्त, लाल-निळ्याला कमी, त्यामुळे जांभळ्या लाइटला लक्स कमीच दिसणार. शंभर टक्के खरं. विषयाचा अभ्यास होता माणसाचा.

या सगळ्यात दिवस जात होते. कीटो एका झटक्यात मरत नाही. आधी रंग उतरतो, मग धागे ठिसूळ होतात, हात लावला की तुटतात, मग तुकडे रिटर्न पंपाच्या (सम्पचं पाणी वर टँकमध्ये ढकलणाऱ्या पंपाच्या) जाळीत जाऊन बसतात. शेवटी जे खाल्लेलं असतं ते सडून पुन्हा पाण्यात येतं. माझं नायट्रेट १०च्या आसपास असायचं, ते ४०वर गेलं. काचेवर तपकिरी थर रोज पुसावा लागायचा. आणि बिलाऐवजी त्याने पाठवलेल्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये परत करायची मुदत होती सात दिवस. शेवाळाला उजेड कमी पडतोय हे सात दिवसांत कुणाच्या बापाला कळणार नाही, आणि मुदत ठरवणाऱ्याला हे नेमकं माहीत असतं.

शेवटी पुण्याच्या एका मित्राकडून पार मीटर आणला, अपोजी कंपनीचा, पाण्यात बुडवायच्या दांडीसकट. पार म्हणजे वनस्पतीला वापरता येणारा ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड. जाहिरातीत ‘१२ इंचांवर ८५०’ लिहिलं होतं. माझ्या सम्पमध्ये, तेवढ्याच अंतरावर, मधोमध ९५. कोपऱ्यात ३०. आमच्या अनुभवात शंभराच्या खाली कीटो नुसता तग धरतो, दोनशेच्या पुढे गेला की आठवड्याला वाढ दिसते. तीसमध्ये तो मरतो.

मग मी त्याने पाठवलेला पारचा तक्ता नीट झूम करून पाहिला. खाली बारीक अक्षरात मोजताना कुठला चॅनेल किती टक्क्यांवर ठेवला ते दिलं होतं: निळा इतका, लाल इतका, पांढरा इतका. माझ्या पॅनेलला एकच बटण आहे, चालू आणि बंद. तक्ता दुसऱ्याच कुठल्या तरी महागड्या लाइटचा होता, वरचं नाव कापून ह्याचं लावलेलं. हे मी त्याला विचारलं, त्यानंतर उत्तरं तुटक यायला लागली.

बाकीचं पोस्टमार्टम घरीच झालं. मागचा ‘रीफ’वाला चकचकीत स्टिकर समुद्री हवेने एका कोपऱ्यातून सुटला होता. तो ओढला तर खाली दुसरा स्टिकर, घरातल्या कुंड्यांसाठीच्या रोपांच्या लाइटचा. तोच पॅनेल मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन हजारांच्या आत मिळतो, आणि तिथला दुकानदार बिचारा ‘खरे वॅट २५ धरा’ असं स्वतःहून सांगतो. ‘आयआर आणि यूव्ही’ म्हणून मिरवलेले चार एलईडी कायम विझल्यासारखे असतात. अवरक्त (आयआर) उजेड डोळ्यांना दिसत नाही हे पुन्हा खरंच आहे, त्यामुळे ते चालू आहेत की नुसते बसवलेत हे विचारायची सोय नाही.

जांभळ्या रंगाबद्दलही बोलायला हवं. हरितद्रव्य निळा आणि लाल उजेड जास्त शोषतं, म्हणून लाल-निळे एलईडी एकत्र लावतात आणि आपल्याला जांभळं दिसतं. पण जांभळं दिसलं म्हणजे तो लाल ६६० नॅनोमीटरचाच आहे, किंवा पुरेसा आहे, असं काही सिद्ध होत नाही. साध्या पांढऱ्या ६५०० केल्विनच्या एलईडीतही निळा-लाल दोन्ही असतात आणि कीटो त्याखाली मजेत वाढतो.

यापुढचं पैशांचं नाही, जिवाचं आहे. पॅनेलची बॉडी पत्र्याची आणि प्लग दोन पिनांचा. अर्थिंगच नाही. खाली मिठाचं पाणी, वर पंख्याच्या जाळीतून खारट वाफ आत ओढली जातेय. एके रात्री घरातला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला, उचलला की पुन्हा पडायचा. टेस्टर पत्र्याला लावला तर पेटला. सम्पमध्ये हात घालताना त्याच पत्र्याला मनगट घासतं. ज्यांच्या घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नाही त्यांनी टँकला आणखी एकही उपकरण जोडण्याआधी तो बसवून घ्या. स्टिकरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता, ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला तर तो वेगळ्याच कंपनीच्या वेगळ्याच वस्तूचा निघाला. ही तपासणी फुकट आहे आणि एका मिनिटाची आहे. विकणाऱ्याला पैसे देण्याआधी स्टिकरचा फोटो मागा. देत नसेल तर तिथेच थांबा.

तक्रारीचं असं: १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. हेल्पलाइन आदेश देत नाही, समोरच्याकडे पाठपुरावा करते. हा समोरचा नोंदणीकृत नव्हताच, यूपीआय एका खासगी खात्यावर घेतलेला. मग नोटीस पाठवून जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. २०१९च्या कायद्यात आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जोडता येतात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट विकत घेतानाच काढून ठेवा, कारण माझी नोटीस पोचल्यावर ती पोस्ट गायब झाली. ‘सर, अर्धे पैसे देतो, तक्रार मागे घ्या’ असा फोन आला होता. मी नाही म्हटलं.

मला विचाराल तर विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: भिंतीतून किती वॅट, किती अंतरावर किती पार आणि तो कुठल्या मीटरने मोजला, आयातदाराचं नाव-पत्ता काय. आयात केलेल्या खोक्यावर तो पत्ता आणि एमआरपी छापलेली असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. चांगला विकणारा पहिल्या प्रश्नाला ‘४८’ किंवा ‘९०’ असा आकडा देतो. फसवणारा ‘सर, वॅटवर जाऊ नका, रिझल्ट बघा’ म्हणतो.

सध्या माझ्या सम्पवर ५० वॅटचा पांढरा फ्लडलाइट आहे, तीन पिनांचा, खरोखर आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे सोसणारा), वीतभर वर टांगलेला. मित्राने दिलेला मूठभर कीटो त्याखाली वाढतोय, नायट्रेट उतरून १५वर आलंय. आणि तो जुना पॅनेल गेल्या आठवड्यात मला पुन्हा जाहिरातीत दिसला, नवीन नावाने. चिपांची संख्या तेवढीच आहे, खोक्यावर आता ‘६०० वॅट’ लिहिलंय आणि किंमत अकरा हजार.